खरखर

शनिवार, रात्री पावणेदोन

झोप येणार नाही हे कळून चुकलंय, म्हणून लिहायला बसले. ‘स्किनामरिंक’ हा भयपट पाहिला. हेडफोन लावून, दिवा मालवून आणि एकटीने. तिन्ही चुका एकदमच.

गोष्ट दोन ओळींत संपते. केव्हिन आणि केली ही लहान भावंडं रात्री जागी होतात, तर बाबा घरात नाहीत आणि दारं-खिडक्या नाहीशा होताहेत. मुलं टीव्हीसमोर अंथरूण घालतात, जुनी कार्टून लावून ठेवतात, आणि मग अंधारातून कोणीतरी त्यांच्याशी बोलू लागतं. बस. शंभर मिनिटं आपण छताचे कोपरे, दाराच्या चौकटी आणि जमिनीवर पसरलेली खेळणी बघत राहतो. चेहरा म्हणाल तर क्वचितच.

मला छळलं ते खरखरीनं. जुन्या कॅसेटला असायची तशी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत चालू असते. मुलं कुजबुजतात, त्यातले निम्मे शब्द तिच्यात बुडतात आणि मधूनच एखाद्या वाक्याला सबटायटल येतं. हा खरा पाजीपणा! कारण मग सबटायटल नसेल तिथेही काहीतरी बोललं जातंय असं वाटू लागतं आणि कान टवकारून बसावं लागतं. मी तीनदा हेडफोन काढून घरातला कानोसा घेतला. तिन्ही वेळा सगळं शांत.

लहानपणी भिंतीपलीकडे मोठी माणसं हळू आवाजात बोलायची. शब्द कळायचे नाहीत, पण काहीतरी बिनसलंय एवढं सुरावरून समजायचं. ते आज आठवलं.

रविवार, दुपार

उजेडात धीर आला. सिनेमात पलंगाखाली बघायला सांगतात तो प्रसंग पुन्हा लावला. आधी आवाज बंद करून. काहीच वाटलं नाही. दाणेदार अंधार आणि एक पलंग. मग डोळे मिटून नुसता आवाज ऐकला. वाटलं होतं, आता जीव जाईल. उलटंच झालं. रेडिओवरची श्रुतिका ऐकावी तशी मी मनातल्या मनात खोली उभी केली, माणसं जागच्या जागी बसवली, आणि भीती गेली. तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र, की पोटात पुन्हा गोळा.

म्हणजे नुसता आवाज भीतिदायक नाहीच. चित्र सांगतं इथे कोणी नाही, कान सांगतो आहे, आणि दोघांपैकी एकही माघार घेत नाही.

असल्या सिनेमांचा विषय निघाला की कोणीतरी हमखास कानाला ऐकू न येणाऱ्या लहरींवर गाडी नेतं. ती गोष्ट मलाही आवडते. विक टँडी नावाच्या ब्रिटिश अभियंत्याला प्रयोगशाळेत डोळ्यांच्या कडेला करडी आकृती दिसायची, अंगावर काटा यायचा. शेवटी कारण निघालं ते एका पंख्यामुळे उठणारी 19 हर्ट्झच्या आसपासची लहर. 1998 मध्ये त्याने त्यावर शोधनिबंध लिहिला. पण इथे ती लागू पडत नाही. कानात मावणारे माझे हेडफोन खोली कसली हलवताहेत! मला युर्गेन्सन जवळचा वाटतो. या स्वीडिश गृहस्थाने 1959 मध्ये पक्ष्यांचे आवाज टेप केले आणि त्यात त्याला माणसं बोलताना ऐकू आली. पुढे तो आयुष्यभर तेच ऐकत राहिला. खरखरीत शब्द शोधायचे म्हटलं की कान ते बनवूनच देतो.

काइल एडवर्ड बॉलने हा सिनेमा कॅनडात, एडमंटनमध्ये, स्वतः लहानाचा मोठा झाला त्याच घरात 7 दिवसांत चित्रित केला. खर्च सुमारे 15,000 डॉलर. त्याआधी तो लोकांनी कळवलेल्या दुःस्वप्नांवर छोट्या फिती करून यूट्यूबवर टाकायचा, आणि घरात आपण एकटेच, आईवडील नाहीत, हे स्वप्न त्याच्याकडे पुन्हा पुन्हा यायचं. भूत दाखवायला पैसे नव्हते हे बरंच झालं म्हणायचं. (एक-दोनदा मात्र एकदम मोठा आवाज करून दचकवलंय. तो कोणालाही जमतो. राग आला.)

रविवार, रात्र

काल हेडफोन काढले होते त्या तीन जागा शोधल्या. दोन आवाज सिनेमातलेच निघाले: एकदा काहीतरी आपटल्याचा, एकदा टीव्हीचा. तिसऱ्या जागी नुसती खरखर आहे. तीनदा ऐकली, काही नाही. चौथ्यांदा शब्द ऐकू आल्यासारखा वाटला, तेव्हा लॅपटॉप मिटला.