उलट्या आहेत, जुलाब नाहीत

जानेवारीत आमच्या तालुक्याच्या गावाभोवती ऊसतोड कामगारांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडलेल्या असतात. बहुतेक माणसं बीडकडची. आईबाप अंधारातच फडात जातात, लेकरं आजीजवळ. अशाच एका कोपीतून त्या दिवशी चार वर्षांचा मुलगा आला. टेबलावर ठेवल्याबरोबर उजव्या कुशीवर वळला आणि पाय पोटाशी घेऊन पडून राहिला.

"रातीपासून ओकायलंय डॉक्टर, पाणी सुदिक ठरंना," आई म्हणाली.

"जत्रंतली भजी खाल्ली त्यानं," आजींनी निदान सांगूनच टाकलं. "पोट धरून रडतंय. सलाईन लावा."

हातात गावातल्या सर्जनची चिठ्ठी होती. उजवीकडे पोटदुखी, उलट्या, १०३ ताप. अपेंडिक्सची शंका, पण सोनोग्राफीत काही नाही, आधी बालरोगतज्ज्ञांनी पाहावं. शंका असूनही घाई न करणाऱ्या अशा सहकाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटतो.

"शी कशी होतेय?"

"कालपून झालीच न्हाई."

उलट्या होताहेत, ताप आहे, पण जुलाब नाहीत, म्हटलं की मी पोटाबाहेर शोधायला लागते. लघवीचा जंतुसंसर्ग, घसा, मेंदूज्वर आणि थंडीच्या दिवसांत सगळ्यात आधी छाती. खोकला विचारला तर आजी म्हणाल्या, "हाय जरासा. धुरानं कोपीत समद्यांनाच असतो." चुलीचा धूर त्या इवल्याशा जागेतच कोंडतो, खोकल्याकडे कोण लक्ष देणार?

शर्ट काढायला लावला. नाकपुड्या फुलत होत्या, प्रत्येक श्वास सोडताना बारीक कण्हल्यासारखा आवाज. घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले: ५४. एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद. तापानंही श्वास वाढतो, म्हणून पॅरासिटॅमॉल दिलं, तेही गुदद्वारातून, कारण तोंडानं काही ठरतच नव्हतं. ताप उतरल्यावर पुन्हा मोजले. ५०. आईशी बोलता बोलता स्टेथोस्कोपनंच पोट दाबून पाहिलं, तर मऊ. तो रडलाही नाही. पाठीला उजवीकडे खाली मात्र हवा कमी जात होती आणि बारीक करकर ऐकू येत होती. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा. न्यूमोनिया.

आजींना ते पटेना. "दुखतंय पोट आन् बिमारी छातीत?"

प्रश्न अगदी रास्त होता. आजींच्याच बरगडीवर हात ठेवून सांगितलं, "आजी, छातीच्या तळाचं अस्तर आणि पोटाची वरची कातडी, दोन्हींना नसा त्याच. खाली सूज आली की लेकराला ती पोटातच दुखते. शिवाय त्याला कफ थुंकता येत नाही, तो गिळतो. खोकल्याची उबळ आली की पोट दाबलं जातं आणि सगळं बाहेर पडतं." डांग्या खोकल्यात तर हे फार ठळक दिसतं: उबळीवर उबळ, चेहरा लालबुंद, शेवटी ओकारी. नुसत्या घशाच्या जंतुसंसर्गातही मुलं पोट दुखतंय म्हणून उलट्या करत येतात, खोकला नसतानाही.

हा मुलगा दिलेलं सगळंच उलटून टाकत होता. ते धोक्याचं लक्षण. रक्तातला ऑक्सिजन ९३ टक्के, म्हणजे फार खाली नसला, तरी गोळ्या देऊन कोपीवर धाडणं शक्य नव्हतं. शिरेतून प्रतिजैविक सुरू केलं. आजींना हवं होतं ते सलाईनही लावलं, पण मोजून. न्यूमोनियात पाणी धडाधड सोडून चालत नाही. उलटी थांबायचं औषध तेवढं देऊन घरी पाठवलं असतं, तर रात्रभर उलट्या कदाचित थांबल्याही असत्या आणि न्यूमोनिया वाढत राहिला असता. मला या आजाराची भीती वाटते ती याचसाठी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप खाली आला, उलट्या थांबल्या आणि त्यानं भात मागितला. मग तोंडानं औषध चालू केलं.

घरी सोडताना आईच्या कडेवर त्याची दहा महिन्यांची बहीण होती, तिचं लसीकरणाचं कार्ड मागितलं. न्यूमोनियाच्या एका मुख्य जंतूपासून वाचवणाऱ्या न्यूमोकोकल लसीचा नवव्या महिन्यातला डोस राहिला होता. "आमचं गाव तिकडं, हितं कोण देणार?" आई म्हणाली. ही लस कुठल्याही सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळते, गाव विचारत नाहीत, हे सांगून सिस्टरनी तिला लसीकरणाचा वार चिठ्ठीवर लिहून दिला.