पोस्टग्रेस ते टेलिग्राम, एन८एन मधून: पुस्तकांचा बॉट कुठवर आलाय

तर मंडळी, आमच्या ग्रुपच्या सामायिक पुस्तकांचा बॉट आता नीट चालायला लागलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. आधी चित्र सांगतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये तीन टेबलं आहेत, पुस्तकं, सभासद आणि देवघेव. कोणी पुस्तक नेलं की देवघेवमध्ये नोंद पडते, ती पडली की ग्रुपवर मेसेज जायला हवा, परतीची तारीख जवळ आली की त्या माणसाला वैयक्तिक आठवण जायला हवी, आणि त्याने मेसेजखालचं बटण दाबलं की डेटाबेसमध्ये नोंद बदलायला हवी. मधलं सगळं काम एन८एन करतं, म्हणजे नोड नावाचे ठोकळे जोडून वर्कफ्लो (कामांची साखळी) बनवायचं साधन, स्वतःच्या मशीनवर डॉकरच्या कंटेनरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवायची सोय).

डेटाबेसमधून टेलिग्रामला मेसेज पाठवणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे. बॉटफादरकडून (बॉट बनवून देणारा टेलिग्रामचाच बॉट) टोकन, म्हणजे बॉटची किल्ली घ्या, एन८एनच्या क्रेडेन्शियलमध्ये टाका, पोस्टग्रेसचा नोड, टेलिग्रामचा नोड, मध्ये एक रेघ, झालं. पण कुठला मेसेज गेला, कुठला राहिला, कुठला दोनदा जायची शक्यता आहे, हे लक्षात कोण ठेवणार? माझं ठाम मत असं झालंय की ते डेटाबेसनेच ठेवायचं, वर्कफ्लोने नाही. या एका निर्णयाभोवती बाकीची सगळी रचना उभी राहिली.

सुरुवातीला पोस्टग्रेस ट्रिगर नोड बघितला. तो आतून लिसन-नोटिफाय (पोस्टग्रेसची सूचना द्यायची-ऐकायची सोय) वापरतो, नोंद पडली की लगेच वर्कफ्लो उठतो, बघायला फार छान वाटतं. पण नोटिफाय कुठे साठून राहत नाही, त्या क्षणी ऐकणारं कोणी नसेल तर ती सूचना गेलीच. म्हणजे कंटेनर अपडेटसाठी बंद असताना कोणी पुस्तक नेलं तर ग्रुपला कधीच कळणार नाही. शिवाय त्याच्या मजकुराला ८००० बाइटच्या आत राहायचं बंधन आहे, ते आपल्याला तसं पुरतं, पण पहिला मुद्दा मला पटण्यासारखा नव्हता.

म्हणून निरोप नावाचं चौथं टेबल केलं, ज्याला लोक आउटबॉक्स म्हणतात ते. त्यात चॅट आयडी, मजकूर, केव्हा पाठवायचा ती वेळ, स्टेटस, किती प्रयत्न झाले ते, आणि पाठवल्यावर टेलिग्रामने दिलेला मेसेज आयडी. देवघेवमध्ये नोंद पडली की डेटाबेसचाच एक छोटा ट्रिगर (नोंद पडताच आपोआप चालणारं काम) निरोपमध्ये ओळ टाकतो, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, त्यामुळे नोंद रद्द झाली तर निरोपही आपोआप रद्द. हो, यात चार ओळी एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) लिहावं लागतं. नो-कोड म्हणजे एसक्यूएलला हातच लावायचा नाही असं मी मानत नाही, जे काम डेटाबेस चोख करतो ते त्याच्याकडेच असावं.

मग एन८एन मध्ये शेड्यूल ट्रिगर, दर मिनिटाला. तो वेळ झालेल्या पण न गेलेल्या थोड्या ओळी उचलतो आणि उचलतानाच त्यांचं स्टेटस ‘घेतला’ करतो. इथे फॉर अपडेट स्किप लॉक्ड (दुसऱ्याने धरलेल्या ओळी सोडून दे) वापरलंय, पोस्टग्रेस ९.५ पासून आहे ते, त्यामुळे दोन रन एकावर एक आले तरी एकच ओळ दोघांच्या हाती लागत नाही. बराच वेळ ‘घेतला’ वरच अडकून राहिलेली ओळ परत रांगेत टाकणारा एक वेगळा वर्कफ्लो आहे. आणि रोजच्या आठवणींसाठी देवघेव आयडी, निरोपाचा प्रकार आणि तारीख या तिघांवर मिळून युनिक बंधन, इन्सर्ट करताना ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग (तशी ओळ आधीच असेल तर काही करू नको). मुद्दाम हातानेच परत परत रन करून बघितलं, आठवण रांगेत एकदाच पडते, दुसऱ्यांदा काहीच होत नाही. हे बघून फार समाधान झालं.

एन८एन नव्याने शिकणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की समजून घ्या: टेलिग्राम नोडमधून बाहेर येतं ते टेलिग्रामचं उत्तर, तुमची मूळ ओळ नाही. म्हणजे पुढच्या पोस्टग्रेस नोडमध्ये ‘आयडी’ शोधायला गेलात तर तिथे तो नसतोच, असतो तो मेसेज आयडी वगैरे. मूळ आयडी हवा असेल तर मागच्या नोडचं नाव घेऊन एक्स्प्रेशनमधून त्याच आयटमची जोडी पकडायची. एन८एन मध्ये बहुतेक नोड प्रत्येक आयटमसाठी (इथे प्रत्येक ओळीसाठी) स्वतःच फिरतात, वेगळा लूप बहुतेकदा लागत नाही, पण कुठला आयटम कुठल्याचा हे धरून ठेवायलाच लागतं, नाहीतर एकाच्या निरोपावर दुसऱ्याचा शिक्का बसेल.

लूप मला लागला तो फक्त वेग आवरण्यासाठी. एका चॅटमध्ये सेकंदाला एकाहून जास्त मेसेज पाठवू नका असं टेलिग्राम सांगतं, ग्रुपमध्ये मिनिटाला २०, आणि एकूण सेकंदाला साधारण ३०. जास्त झालं की ४२९ हा एरर कोड येतो आणि सोबत रिट्राय आफ्टर म्हणून किती सेकंद थांबायचं तेही येतं. मी तेवढे सेकंद निरोपच्या वेळेत मिळवतो आणि स्टेटस परत ‘बाकी’ करतो, वर्कफ्लोला ताटकळत ठेवत नाही. ४०३ म्हणजे बहुतेकदा त्या माणसाने बॉट ब्लॉक केलाय, तिथे पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ नाही, सभासदाच्या नोंदीवर खूण करतो. ४०० म्हणजे बहुतेकदा मजकुरातच गडबड, तो बाजूला ठेवून मला कळवायचा. यासाठी टेलिग्राम नोडच्या सेटिंगमध्ये एरर आली तरी वेगळ्या आउटपुटने पुढे जायचा पर्याय चालू केला आणि पुढे स्विच नोड (एरर बघून वाट ठरवणारा) लावला.

मजकुराच्या मांडणीसाठी (ठळक, तिरपं वगैरे) एचटीएमएल मोड घ्या असंच सांगेन. मार्कडाउन व्ही२ या दुसऱ्या मोडमध्ये १८ चिन्हं एस्केप करावी लागतात, म्हणजे त्यांच्याआधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते, त्यात पूर्णविराम आणि छोटी आडवी रेघसुद्धा आली, आणि पुस्तकांच्या नावात काय काय असतं ते तुम्हाला माहितीच आहे. एचटीएमएलमध्ये लहान-मोठेपणाची दोन चिन्हं (< आणि >) आणि अँपरसँड (&) एवढं सांभाळलं की झालं. मेसेजची मर्यादा ४०९६ अक्षरं, यादी लांबली तर तोडून पाठवा. आणि हो, एन८एनचा टेलिग्राम नोड मेसेजखाली स्वतःच्या नावाची ओळ जोडतो, नको असेल तर नोडच्या पर्यायांत ती बंद करता येते.

आता उलटी दिशा, बटणांची. प्रत्येक आठवणीखाली ‘परत दिलं’ आणि ‘मुदत वाढव’ अशी दोन बटणं आहेत. बटणामागे जो कॉलबॅक डेटा असतो (बटण दाबल्यावर बॉटकडे येणारा मजकूर) त्याला ६४ बाइटची मर्यादा, अक्षरांची नाही बाइटची, देवनागरी अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं, म्हणजे जेमतेम २१ चिन्हं बसतात आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. म्हणून तिथे मजकूर ठेवायचाच नाही, एक रोमन अक्षर, कोलन आणि नोंदीचा आयडी, बाकी सगळं डेटाबेसमधून काढायचं. बटण दाबल्यावर आन्सर कॉलबॅक क्वेरी पाठवायला विसरू नका, नाहीतर बटणावर लोडिंग फिरत राहतं. मग एडिट मेसेज करून बटणं काढून टाकतो, त्यासाठीच तो मेसेज आयडी साठवला होता. आणि बटण दाबणारा तोच सभासद आहे का हे क्वेरीच्या व्हेअर अटीमध्येच तपासतो.

सभासद जोडायचं कामही आवडीने केलं. बॉट आपणहून कुणाला पहिला मेसेज करू शकत नाही, माणसाने आधी स्टार्ट दाबावंच लागतं. म्हणून प्रत्येकाला वेगळी लिंक, तिच्यात एकदाच चालणारं टोकन, ६४ अक्षरांपर्यंत चालतं. स्टार्ट दाबलं की टोकन येतं, सभासद सापडतो, चॅट आयडी नोंदवला जातो, टोकन बाद. चॅट आयडीचा कॉलम बिगइंट (मोठ्या पूर्णांकांचा प्रकार) ठेवा, साध्या इंटिजरमध्ये तो मावेल याची खात्री नाही. ग्रुपचा चॅट आयडी मात्र नोडमध्ये टाइप करून ठेवू नका, ग्रुपचा सुपरग्रुप (टेलिग्रामचा मोठ्या ग्रुपचा प्रकार) झाला की तो बदलतो, माझ्याकडे तो सेटिंग टेबलमधून येतो.

सेटअपबद्दल थोडक्यात. एका टेलिग्राम बॉटला एकच वेबहुक (टेलिग्राम आलेले मेसेज ज्या पत्त्यावर पाठवतं तो) मिळतो, त्यामुळे एडिटरमध्ये टेस्ट चालू केली की चालू वर्कफ्लोचा वेबहुक हलतो, टेस्टला सरळ वेगळा बॉट करा. वेबहुकला एचटीटीपीएस लागतंच. टाइमझोन एन्व्हायर्नमेंटमध्ये सांगा, न सांगितल्यास एन८एन न्यूयॉर्कची वेळ धरतं. आणि एन्क्रिप्शन की बॅकअपमध्ये घ्या, ती गेली तर साठवलेली क्रेडेन्शियल उघडणार नाहीत.

सध्या डोक्यात आहे ती एकच अडचण. टेलिग्रामने मेसेज स्वीकारला आणि ‘गेला’ असं लिहायच्या आत मशीन बंद पडलं, तर तो पुन्हा जाणार, कारण सेंड मेसेजला ‘हा मी आधीच दिलाय’ असं सांगायची सोयच नाही. आठवण दोनदा गेली तर चालेल, अजिबात न गेलेली चालणार नाही, म्हणून मी हीच बाजू निवडलीय. पण पुढचा टप्पा वेटिंग लिस्टचा आहे, पुस्तक परत आलं की रांगेतल्या पहिल्याला विचारायचं, ठरावीक वेळेत उत्तर नाही आलं तर पुढच्याला, आणि तिथे ‘तुमचा नंबर लागला’ हा निरोप दोनदा गेला तर गोंधळ होईल. विचार असाय की रांगेतल्या प्रत्येक विचारणीला स्वतःचा आयडी द्यायचा आणि पहिलं बटण दाबलं की ती विचारणी बंद, मग मेसेज दोन असले तरी उत्तर एकच मोजलं जाईल. कोणी असं काही चालवत असेल तर मुदत संपल्याची वेळ कुठे तपासता, वेट नोडमध्ये की डेटाबेसमध्ये, ते नक्की सांगा, माझा कल डेटाबेसकडेच आहे.