हँक ॲरन गेले, आणि अटलांटा ती पत्रं विसरलेलं नाही

बेसबॉलपटू हँक ॲरन २२ जानेवारी २०२१ ला, शुक्रवारी, झोपेतच गेले. ८६ वर्षांचे होते. तेव्हा अटलांटात दुसरा विषय नव्हता.

आधी एक गोष्ट मिटवते, कारण घरच्या ग्रुपवर लगेच विचारणा झाली: कोविडची लस घेतली म्हणून गेले का? नाही. त्यांनी ५ जानेवारीला सगळ्यांसमोर लस घेतली, ती काळ्या लोकांच्या मनातली भीती जावी म्हणून. मृत्यूचा लशीशी संबंध दिसत नाही, नैसर्गिक मृत्यू आहे, असं इथल्या वैद्यकीय तपासणी कार्यालयानं सांगितलंय. आईबाबांना म्हटलं, तुमचा नंबर लागला की दोघंही जा.

आता मूळ मुद्दा. ज्यांना बेसबॉल कळत नाही त्यांच्यासाठी एवढं पुरे, की होम रन म्हणजे साधारण आपला षटकार, आणि बेब रूथ यांचा ७१४ होम रनचा आकडा इथे ब्रॅडमनच्या सरासरीसारखा पूजला जायचा. १९७३ चा सीझन संपला तेव्हा ॲरन ७१३ वर होते. म्हणजे अख्खा हिवाळा वाट बघण्यात जाणार होता. गोऱ्या रूथचा विक्रम काळा माणूस मोडणार, हे सहन न झालेल्यांची पत्रं ढिगानं येत होती. शिव्या, जिवे मारण्याच्या धमक्या, मुलांना उचलून नेऊ अशा धमक्या. एफबीआय तपासाला लागली, ॲरन यांच्या कॉलेजातल्या मुलीला संरक्षण द्यावं लागलं. ८ एप्रिल १९७४ ला समोरच्या संघाच्या अल डाउनिंगच्या चेंडूवर ॲरननी ७१५ वा होम रन मारला, तेव्हा त्यांच्या आईनं मैदानात येऊन त्यांना घट्ट मिठी मारली. त्या विक्रमाचा आनंद आपल्याला घेताच आला नाही, असं ते पुढे अनेकदा म्हणाले. ती पत्रं मात्र त्यांनी फेकली नाहीत. जपून ठेवली.

तो चेंडू जिथून पार गेला ती जागा २०२१ मध्ये पार्किंग होती. स्टेडियम १९९७ मध्ये पाडलं. कुंपणाचा एक तुकडा आणि त्यावर ७१५ चा आकडा, एवढंच काय ते राखलं होतं. रविवारी मी तिथे गेले. कुंपणाखाली फुलं होती, टोप्या होत्या, चेंडूंवर पेनानं लिहिलेले निरोप होते. ॲरन यांची ४४ नंबरची जर्सी घातलेले एक काळे आजोबा मास्क नीट करत नातवाला सांगत होते. मला वाटलं, होम रनचं सांगत असतील. ते पत्रांचं सांगत होते. काय लिहिलेलं असायचं, का लिहायचे, आणि अशी माणसं आपल्या याच शहरातही होती, हे सगळं. बाजूला दोन गोरी कुटुंबं उभी होती. कुणी नजर चुकवली नाही, कुणी हललं नाही. टीव्हीवर आणि पेपरातही हेच चाललं होतं, त्यांच्या एकूण ७५५ होम रनच्या बरोबरीनं ती पत्रं.

याचं मला फार अप्रूप वाटलं. पण पार्किंगचा रागही तेवढाच आला. इतका मोठा क्षण जिथे घडला तिथे मोटारी लावायच्या? पुढे ॲरन यांच्या टीमनं, अटलांटा ब्रेव्ह्जनं, शहरच सोडलं आणि २०१७ पासून उपनगरात नवं स्टेडियम थाटलं. आपण वानखेडे पाडून पार्किंग केलं नसतं, आणि शिवाजी पार्कला तर कुणाला हात लावू दिला नसता. २०१९ मध्ये सचिनचे गुरू आचरेकर सर गेले तेव्हा पोरांनी बॅटी उंचावून त्यांना निरोप दिला, तो व्हिडिओ बघताना मी इथे रडले होते. माणसावर जीव लावणं आपल्याला कुणी शिकवायला नको. गावसकरनी १९८३ मध्ये ब्रॅडमनचा २९ शतकांचा विक्रम मोडला तेव्हा खुद्द ब्रॅडमननीही कौतुकच केलं.

हे सगळं मी इथल्या एका मैत्रिणीला अभिमानानं ऐकवलं, आणि ऐकवतानाच पालवणकर बाळू आठवले. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबवर खेळपट्टीची कामं करता करता घडलेला डावखुरा फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात सगळे सामने धरून शंभराहून जास्त बळी घेतले. पण जातीनं चांभार, म्हणून पुण्यात चहाच्या सुट्टीत संघातले बाकीचे आत बसून कपातून पीत असताना यांना बाहेर मातीच्या भांड्यात चहा. तेव्हा धर्मावार संघांची स्पर्धा व्हायची, तिच्यातल्या हिंदू संघाचं कप्तानपद त्यांना कधीच दिलं नाही. धाकट्या भावाला, विठ्ठलना, ते मिळालं १९२३ मध्ये. मी पुण्यात वाढले, घरात क्रिकेटशिवाय बोलणं नसायचं, आणि हे नाव मला शाळेत किंवा घरी कुणीही सांगितलं नाही. परदेशात बसून बोलणं सोपं असतं, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. मी तिथे असते तरी हेच म्हटलं असतं.

बुधवारी ॲरन यांची अंत्ययात्रा मुद्दाम वाट वाकडी करून त्या पार्किंगवरून नेली. ते टीव्हीवर बघताना मी लेकाला बाळूंची गोष्ट सांगितली. त्यानं विचारलं, चहाला आत बसलेले त्यांच्याच टीममधले होते का? हो म्हटलं, त्यांच्याच. आणि बळी घ्यायची वेळ आली की चेंडू बाळूंच्याच हातात देणारेही तेच.