शाल-श्रीफळासोबत कलावंताच्या हातात कागदही द्या

दिवाळी झाली की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडया (गावजत्रा) सुरू होतात, पाठोपाठ शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि रात्रभराची नाटकं. याच दिवसांत गावोगावी जुन्या कलावंतांचे सत्कार होतात. दंडार या लोकनाट्यात चाळीस वर्षं नाचलेला माणूस, खडी गंमत या तमाशासारख्या लोककलेचा शाहीर, भजनी मंडळातली म्हातारी मावशी मंचावर येतात. शाल, श्रीफळ, टाळ्या, फोटो. हे व्हायलाच पाहिजे, गावानं आपल्या माणसाला मान दिलाच पाहिजे. पण त्या सत्कारात दिलेलं सन्मानपत्र पुढे सरकारी मानधनाच्या अर्जाला जोडायला घेतलं की ते बहुतेक वेळा निरुपयोगी निघतं. त्यात ‘कलेची अखंड सेवा’, ‘रसिकांच्या हृदयावर अधिराज्य’ असं सगळं असतं. कोणती कला, कोणत्या सालापासून, कोणत्या मंडळात, यातलं काहीच नसतं.

राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना आहे. 2024 पासून महिन्याला सरसकट 5,000 रुपये मिळतात. त्याआधी राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक अशा श्रेणी होत्या आणि गावचा कलावंत सगळ्यात खालच्या श्रेणीत पडायचा. वय 50 पूर्ण, कलेतलं योगदान किमान 15 वर्षांचं, वार्षिक उत्पन्न 60,000 रुपयांच्या आत, या मुख्य अटी. दिव्यांग कलावंतांना वयात सवलत आहे. एका जिल्ह्यातून वर्षाला 100 जणांचीच निवड होते, त्यामुळे कच्च्या कागदाचा अर्ज मागे पडतो.

खरी मेहनत 15 वर्षांच्या पुराव्याला लागते. नाटकवाल्यांचं त्यातल्या त्यात बरं असतं, कारण हस्तपत्रकं असतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा भागात छापलेल्या पत्रकावर नाटकाचं नाव, मंडळ, गाव, कलाकारांची नावं, फोटो सगळं सापडतं. फक्त कित्येक पत्रकांवर तारीख आणि वार असतो, साल नसतं. अशा वेळी तारीख-वाराची जोडी जुन्या कॅलेंडरशी ताडून पाहा. तीच जोडी पाच, सहा किंवा अकरा वर्षांच्या अंतरानं परत येते, म्हणून मोजकीच सालं उरतात. तिकिटाचा दर, सोबतच्या कलाकारांची नावं, उद्घाटक म्हणून छापलेला त्या वेळचा सरपंच किंवा आमदार यांवरून नेमकं साल पक्कं होतं. ते पत्रकावर पेनानं लिहू नका, खाडाखोड म्हणून शंका येते. वेगळ्या कागदावर पत्रकांची सालवार यादी करा. पत्रकांचा ढीग जोडण्यापेक्षा सुरुवातीचं एक, मधली चार-पाच आणि अलीकडचं एक अशी निवड चांगली. सलग काम डोळ्यांसमोर येतं.

दंडार, गोंधळ, डहाका, भजन अशा लोककलांची पत्रकं कोण छापणार? तिथे ग्रामसभेचा ठराव कामी येतो. ठराव क्रमांक, तारीख, कलावंताचं पूर्ण नाव, कला, कोणत्या सालापासून, कोणत्या गावांत, एवढं त्यात आलंच पाहिजे. सोबत भजन स्पर्धांची प्रशस्तिपत्रं जोडा. आकाशवाणीवर कार्यक्रम झाला असेल तर जुन्या पेट्या उघडून करारपत्र शोधा, त्याला तोड नाही. पाच शिफारसपत्रं एकाच मजकुराची, खाली फक्त सही वेगळी, हा प्रकार मात्र टाळा. त्यानं खऱ्या कलावंतावरही संशय येतो.

नावाचा घोळ तर ठरलेलाच. मंचावर एक नाव, आधारवर दुसरं, बँकेत आडनावाचं स्पेलिंग तिसरं. बायांच्या बाबतीत माहेरचं नाव, सासरचं नाव आणि मंचावरचं नाव अशी भर पडते. दोन्ही-तिन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. आधार आणि बँक खातं मात्र प्रत्यक्ष दुरुस्त करून जोडून घ्या, तिथे प्रतिज्ञापत्र चालत नाही. आधारवर जन्मतारीख 1 जानेवारी अशी अंदाजानं पडली असेल आणि वय कमी दिसत असेल, तर शाळेचा दाखला शोधा. शाळाच झाली नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षातून कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल मागा. मुलगा खरोखर वेगळा राहत असेल तर शिधापत्रिका आधी वेगळी करून घ्या, नाहीतर उत्पन्नाच्या दाखल्यात त्याची कमाई धरली जाते.

आता सन्मानपत्राचा मजकूर. साधारण असा असावा: ‘श्री. (आधारप्रमाणे पूर्ण नाव), रंगमंचावरील नाव अमुक, मौजा, तालुका, जिल्हा. सन 1979 पासून अमुक मंडळात खडी गंमतीत शाहीर. सन 1990 पासून नाट्यप्रयोगांत ढोलकीवादक.’ पुढे हवं तेवढं कौतुक लिहा. खाली तारीख, मंडळाचा नोंदणी क्रमांक असल्यास तो, सही आणि शिक्का. मंडळानं एक प्रत आपल्याकडे ठेवावी, फ्रेमला वाळवी लागते.

सत्कार रात्री बाराला, पाहुणे आल्यावर, असं करू नका. डिसेंबरच्या थंडीत सत्तरीच्या माणसाला तीन तास खुर्चीत बसवणं हा मान नाही. पहिला कार्यक्रम त्यांचाच ठेवा. आणि ढोलकीवाला, पेटीमास्तर, तुणतुण्यावाला यांना विसरू नका. शाहिराचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. साथीदार मात्र मानधनाला पात्र असूनही अर्जच करत नाहीत, कारण आपणही कलावंत आहोत हे त्यांना कुणी कधी म्हटलेलंच नसतं.

मोठ्या सन्मानाची वाटही बंद नाही. गडचिरोली जिल्ह्यातले झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. पद्म पुरस्कारासाठी कोणताही नागरिक राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर नाव सुचवू शकतो. कार्याची माहिती जास्तीत जास्त 800 शब्दांत लिहायची असते. त्यातही विशेषणं कमी आणि सालं, भूमिका, गावं, शिकवलेले शिष्य जास्त हवेत. वर सांगितलेली सालवार यादी केलेली असेल तर हे 800 शब्द एका बैठकीत होतात.

मानधन मंजूर झाल्यावरही एक काम उरतं. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला की पैसे थांबतात आणि बिचारा कलावंत बँकेत चकरा मारत बसतो. गावातल्या एका पोरानं सगळ्यांचे दाखले एकाच दिवशी जमा करायची जबाबदारी घ्यावी. अर्ज करतानाच नवरा-बायकोचा एकत्र फोटो आणि जोडीदाराचं नाव नीट भरा, कारण कलावंताच्या पश्चात मानधन जोडीदाराला मिळतं आणि तेव्हा नावातलं एक अक्षर चुकलेलं असलं तरी पुन्हा तहसील गाठावं लागतं.