पश्चिमेची खिडकी आणि बाहेरचा पडदा

नागपुरातील आमच्या घराची बैठकीची खोली पश्चिमेला आहे आणि तिच्या ४ फूट उंच खिडकीवर दीड फुटाचा छज्जा आहे. पावसासाठी तो पुरेसा असला तरी उन्हासाठी जवळजवळ निरुपयोगी आहे, हे इतकी वर्षे माझ्या लक्षात आले नव्हते. गेल्या वर्षी नवतपा, म्हणजे मेच्या अखेरीस सुरू होणारे कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू असताना दुपारी साडेचार वाजता टेप घेऊन मी अंगणात उभा राहिलो, तेव्हा छज्ज्याची सावली काचेवर जेमतेम १० इंच उतरली होती आणि खालच्या ३८ इंचांवर ऊन थेट पडत होते. सूर्य माथ्यावर असतो तोवर छज्ज्याचा उपयोग होतो. तो एकदा कलला की ऊन छज्ज्याखालून सरळ घरात शिरते.

खिडकीला आतून जाड पडदा होता आणि त्यामागे दुपदरी अस्तरही होते. त्या दिवशी अस्तराच्या काचेकडील बाजूवर हात ठेवला, तर नुकतीच इस्त्री फिरवलेल्या कापडाइतके ते गरम लागले. काचेतून ऊन सहज आत येते, पण तापलेल्या पडद्यातून निघणारी उष्णता त्याच काचेतून तितक्या सहजी बाहेर पडत नाही. पडदा उजेड अडवत होता आणि ऊब मात्र खोलीतच ठेवून घेत होता. म्हणजे जे काही अडवायचे, ते काचेच्या बाहेरच अडवायला हवे होते.

वडिलांच्या काळी या खिडकीला वाळ्याची ताटी असे. तिचा गारवा आणि सुगंध मला अजून आठवतो, पण तिच्यावर दर थोड्या वेळाने पाणी मारायला आता घरात कोणी नसते. हिरवी शेडनेट स्वस्त पडली असती. तिच्यामुळे घराला रोपवाटिकेची कळा येईल, असे सौभाग्यवतींचे मत पडले आणि ते मला पटले. शेवटी बांबूच्या कामट्यांचा चिकाचा पडदा आणला.

माप घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. चौकटीच्या आत बसणारा पडदा खिडकीच्या मापाचा लागतो, तर बाहेरून लटकणारा तिच्यापेक्षा मोठा हवा. मेच्या अखेरीस आपल्याकडे सूर्य नेमका पश्चिमेला न मावळता बराच वायव्येकडे सरकून मावळतो, त्यामुळे पडदा आणि काच यांच्यातील फटीतून ऊन तिरपे आत येते. म्हणून ४ फुटी खिडकीसाठी मी ५ फूट रुंदीचा पडदा घेतला, दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जास्त. उंचीलाही तेवढीच सूट ठेवली.

खरी फजिती झाली ती तो टांगताना. पहिल्यांदा मी खिडकीच्या वरच्या भिंतीत इंचभर लांबीच्या प्लॅस्टिकच्या गिट्ट्या ठोकून त्यांत हूक पिळले. भिंतीचा गिलावाच पाऊण इंच जाडीचा असल्यामुळे विटेत शिरलेला भाग नावापुरताच होता. आठच दिवसांत धुळीचे वादळ आले आणि पडदा गिलाव्याच्या बशीएवढ्या ढलप्यांसह तुळशीवृंदावनापाशी जाऊन पडला. मिस्त्री आले, भिंतीकडे पाहून हसले आणि हूक छज्ज्याच्या काँक्रीटमध्ये खालून लावा म्हणाले.

छज्ज्याची मुख्य सळई वरच्या अंगाला असते, त्यामुळे खालून दीड इंच भोक पाडल्यास तिला धक्का लागत नाही. मात्र छज्जा टोकाशी ३ इंचांच्या आसपासच जाड असल्याने भोक आरपार गेले की पावसाळ्यात तेथून गळती ठरलेली. मी ८ मिलिमीटरच्या बिटावर दीड इंचाच्या खुणेला चिकटपट्टी गुंडाळली, पाणसळीने रेष सरळ करून घेतली आणि तीन भोके पाडली. डोक्यावर ड्रिल धरल्यावर सगळी भुकटी थेट डोळ्यांत येते, म्हणून चष्मा अनिवार्य आहे. मी तो दुसऱ्या भोकापासून घातला.

हूक भिंतीपासून ४ इंच पुढे घेतले. त्यामुळे पडदा आणि काच यांच्यामध्ये तापलेली हवा वर निघून जाते, कोंडत नाही. खालच्या काठीला दोन्ही टोकांशी दोरीचे फास करून ते ग्रिलला अडकवले आहेत. ते नसतील तर वारा पडद्याचे शीड करून टाकतो आणि कितीही पक्के हूक असले तरी त्यांच्यावर धसके बसतात. गुंडाळण्याची दोरी मुलांच्या हाती लागू नये इतक्या उंचीवर बांधली आहे. कूलर शेजारच्या खिडकीत असल्याने त्याची हवा अडत नाही. तो याच खिडकीत असता तर हा सगळा बेत बारगळला असता.

खोली आता दुपारी अंधारी वाटते आणि वर्तमानपत्र वाचायला दिवा लावावा लागतो, ही आईची तक्रार रास्त आहे. अस्तर मात्र संध्याकाळी हाताला गार लागते. पावसात बांबूला बुरशी धरते, म्हणून मृगाच्या सरी सुरू होताच पडदा उतरवून, कडक वाळवून माळ्यावर टाकला. यंदा काढला तेव्हा कामट्या ठणठणीत होत्या, फक्त उन्हाने कुजलेली नायलॉनची दोरी हातातच तुटली. तिच्या जागी सुती दोरी ओवली आहे.