ब्राझीलची रोजनिशी: भिंत, गाळ, राख, पाणी

निघण्यापूर्वी

ब्राझीलचं क्षेत्रफळ सुमारे 85 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या अडीचपटींहून जास्त. रिओ, साल्वादोर, इग्वासूचा धबधबा, अ‍ॅमेझॉन असं सगळं दोन आठवड्यांत कोंबलं की निम्मा वेळ विमानतळांवर जातो. शहरातली चित्रं एका यादीत आणि जंगल दुसऱ्या, अशी वाटणीही इथे जमत नाही. साओ पाउलोतल्या काही भिंती खरोखरच खाणीच्या गाळाने आणि जळलेल्या जंगलाच्या राखेने रंगवल्या आहेत. म्हणून मार्ग असा धरावा: साओ पाउलो, बेलो होरिझोंते, पांतानालचा पाणथळ प्रदेश, आणि अ‍ॅमेझॉनच्या जंगलातलं मानौस. आधी भिंत पाहायची, मग ती ज्या मुलखाबद्दल बोलते तिथे जायचं.

महिना जुलै. दक्षिणेला तेव्हा कोरडा हिवाळा असतो, पांतानालमधलं पाणी ओसरून प्राणी नदीकाठी दिसू लागतात, आणि मानौसला नदी अजून भरलेली असते. हे तिन्ही योग एकत्र फार थोडे दिवस जुळतात. ब्राझीलच्या शाळांना तेव्हा सुट्टी असते, त्यामुळे पांतानालमधली खोली आणि देशांतर्गत विमानं आधी ठरवावीत, बाकीचं नंतर.

पिवळ्या तापाची लस निघण्याआधी किमान 10 दिवस घेतलेली हवी. अर्ध्या मिलिलिटरची एकच सुई, आणि तिचं प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. ते जवळ नसेल तर ब्राझीलहून भारतात परतणाऱ्या प्रवाशाला विमानतळावरून थेट 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. लस फक्त सरकारमान्य केंद्रांत मिळते आणि केंद्रांचे वार ठरलेले असतात, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये. ही जिवंत विषाणूची लस आहे. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी आणि साठी ओलांडलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं.

विजेचं एक. साओ पाउलो, रिओ, बेलो होरिझोंते इथे बहुतेक ठिकाणी 127 व्होल्ट. ब्रासीलिया आणि रेसिफेला 220. फोनचा चार्जर दोन्हींवर चालतो, पण घरून नेलेली 1500 वॉटची चहाची किटली 127 व्होल्टवर जेमतेम साडेचारशे वॉट खेचते आणि पाणी उकळायला तिपटीहून जास्त वेळ लागतो. व्होल्टेज निम्म्याजवळ आलं की उष्णता निम्मी नव्हे, तिसऱ्या हिश्शाहूनही कमी होते.

साओ पाउलो, शनिवार

सुरुवात मिन्योकाँवपासून. 1971 साली खुला झालेला हा सुमारे साडेतीन किलोमीटरचा उड्डाणपूल लोकांच्या खिडक्यांपासून काही मीटरवरून जातो. शनिवार-रविवारी तो गाड्यांना बंद असतो आणि माणसं त्यावर चालतात, पळतात, सायकली चालवतात. दोन्ही बाजूंच्या इमारतींच्या बिनखिडक्यांच्या उंच भिंतींवर दहा-दहा मजली चित्रं आहेत, आणि ती पाहायला हीच योग्य उंची आहे. खालच्या रस्त्यावरून मान मोडते आणि निम्मं चित्र पुलामागे लपतं.

या भिंती मोकळ्या कशा झाल्या? शहराने 2006 साली ‘स्वच्छ शहर’ कायदा केला. तो 2007 पासून लागू झाला आणि जाहिरातींचे फलक उतरले. फलकांमागे लपलेल्या भिंती उघड्या पडल्या, आणि चित्रकारांना एवढ्या मोठ्या जागा मिळाल्या.

काम चालू असलेली भिंत दिसली तर थांबून पाहावं. तयार चित्रापेक्षा ते जास्त शिकवतं. आधी भिंत धुतात, गिलाव्याच्या भेगा भरतात, मग प्राइमर. प्राइमर पूर्ण वाळण्याआधी रंग चढवला किंवा आत ओल राहिली, तर पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच पोपडे निघतात. मग मूळ रेखाचित्र भिंतीवर नेण्याचा प्रश्न. कुणी चौकटी आखतं. कुणी आधी भिंतभर वाटेल तशा खुणा आणि आकडे काढतं, त्याचा फोटो घेऊन त्यावर रेखाचित्र बसवतं, आणि मग प्रत्येक रेघ कुठल्या खुणेजवळून जाते ते फोनवर पाहत रंगवतं. दोराच्या टांगत्या पाळण्यात बसलेल्या माणसाला आपण नाक काढतोय की कान, हे एरवी कळतच नाही. मोठे भाग रोलरने आणि बाहेरच्या भिंतींच्या साध्या अ‍ॅक्रिलिक रंगाने भरतात. स्प्रे बहुधा कडा आणि छटांपुरता.

फोटो काढणाऱ्यांसाठी: इथे आपली दिशांची सवय उलटी पडते. मकरवृत्त या शहराच्या उत्तर भागातून जातं, आणि जुलैत सूर्य दिवसभर उत्तरेकडे कललेला असतो. उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीवर ऊन, दक्षिणेकडच्या भिंतीवर दिवसभर सावली. सावलीतल्या चित्राचे रंग फोटोत खरे येतात. उन्हातल्या भिंतींवर लाल-पिवळे आधी उडतात. त्यावरून चित्र किती जुनं आहे त्याचाही अंदाज बांधता येतो.

ओस जेमिओस या जुळ्या भावांची पिवळ्या कातडीची माणसं आणि एदुआर्दो कोब्राचे रंगीत त्रिकोणांचे चेहरे सहज ओळखू येतात. व्हिला मादालेना भागातली ‘बेको दो बॅटमन’ ही गल्ली सगळ्यांत प्रसिद्ध. आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी नऊच्या आत जावं. शनिवारी दुपारी तिथे भिंतींपेक्षा पाठीच जास्त दिसतात.

या प्रसिद्ध चित्रांइतकंच लक्ष पिशोकडे द्यायला हवं. इमारतींच्या माथ्यापर्यंत चढलेली ती काळी, उभट, टोकदार अक्षरं म्हणजे पिशो. 1980च्या दशकात हेवी मेटल संगीताच्या तबकड्यांवरच्या अक्षरांवरून हे वळण घडलं. गरीब वस्त्यांतली पोरं एकमेकांच्या खांद्यांवर उभी राहून, खिडक्यांच्या सज्जांना धरून चढतात आणि आपल्या टोळीचं नाव लिहितात. पडून जीवही गेले आहेत. कायदा दोन्हींत फरक करतो. मालकाच्या परवानगीने काढलेलं भित्तिचित्र 2011 पासून गुन्हा नाही. पिशोला मात्र 3 महिने ते 1 वर्षाची कैद आणि दंड आहे. त्याच कायद्याने 18 वर्षांखालच्यांना स्प्रे विकायला बंदी आहे. मला पिशो सुंदर वाटतो. एवढ्या शिस्तीचं अक्षर, तेही अंधारात आणि जीव टांगून, हौसेखातर कुणी काढत नाही.

2017 साली महापालिकेने ‘23 मे’ या हमरस्त्यालगतची कितीतरी चित्रं राखाडी रंगाने पुसली आणि मोठा वाद पेटला. म्हणून जुन्या नकाशावर किंवा यादीवर विसंबू नये. दोन वर्षांपूर्वीची भिंत आज तशीच असेल असं नाही.

साओ पाउलो, रविवार

आजच्या दोन भिंती मुंदानो या चित्रकाराच्या, दोन्ही शहराच्या जुन्या मध्यभागात. पहिली 2020ची. तार्सिला दो आमाराल या ब्राझिली चित्रकर्तीने 1933 साली कारखान्यापुढे दाटलेल्या कामगारांचे चेहरे रंगवले होते. त्याच मांडणीत मुंदानोने खाणीचा बंधारा फुटलेल्या ब्रुमादिन्योच्या खाणकामगारांना उभं केलं, आणि रंगात तिथला गाळ मिसळला. दुसरी 2021ची. पोर्तिनारी या ब्राझिली चित्रकाराच्या 1934च्या चित्रातल्या कॉफीमळ्यातल्या मजुराच्या जागी इथे वणवा विझवणारा माणूस आहे. त्याचे काळे आणि करडे रंग अ‍ॅमेझॉन, पांतानाल, सेराडोचा माळ आणि अटलांटिक किनाऱ्याचं जंगल, या चार ठिकाणांहून गोळा केलेल्या राखेचे. बाजारातून काळा रंग आणून हेच चित्र झालं असतं, पण मग ते साक्ष राहिलं नसतं.

या भागात दिवसा, रविवारी तर दोघा-तिघांनी मिळूनच फिरावं. फोन फुटपाथच्या कडेला उभं राहून हातात धरू नये. सायकलवरून येऊन हिसकावतात. रस्ता पाहायचा असेल तर दुकानात शिरून पाहावा.

बेलो होरिझोंते

साओ पाउलोच्या तिएते स्थानकातून रात्रीची बस, सुमारे 8 ते 9 तास. ‘लेइतो’ म्हणजे जवळपास आडवं होता येणारी सीट; तिचे जास्तीचे पैसे वसूल होतात. बसमधला एसी कडक असतो, पांघरूण वरच्या रॅकवर न ठेवता हाताशी ठेवावं. संकेतस्थळावर तिकीट काढताना स्थानिक करक्रमांक मागतात आणि तिथेच अडतं. खिडकीवर पासपोर्ट दाखवून काम होतं.

इथे सापुकाई रस्त्यावर कठड्याशी उभं राहिलं की समोर मध्यवस्तीच्या इमारतींवरची चित्रं एका नजरेत येतात. 2017 पासून भरणाऱ्या ‘कुरा’ या भित्तिचित्रांच्या उत्सवाने ही जागा मुद्दाम हेरली. तुकानो या आदिवासी समाजातल्या दायारा तुकानोने 2020 साली काढलेलं चित्र, जंगल ही आई आणि नदी हे तिच्या कुशीतलं मूल, हजार चौरस मीटरहून मोठं आहे. संध्याकाळी पाचच्या सुमारास या भिंतींसाठी यावं.

खाण्याचं इथेच लिहून ठेवते. ‘सेम कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, म्हटलं की बीफ वगळतात, चिकन आणि हॅम राहतं. शाकाहाऱ्यांनी प्रत्येक गोष्टीचं नाव घेऊन नाही म्हणावं. राजमा-घेवड्याच्या काळ्या रश्शात डुकराचा तुकडा बहुधा असतोच. सगळ्यांत सोपं म्हणजे वजनावर विकणारी जेवणघरं: स्वतः वाढून घ्यायचं, ताट काट्यावर ठेवायचं. भात, भाज्या, तळलेली केळी भरपूर. चीजचे छोटे पाव कसाव्याच्या पिठाचे, म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो त्याचेच, पण त्यात अंडं असतं. काजूच्या बोंडाचा रस मात्र चुकवू नये. काजू पोर्तुगिजांनी इथूनच गोव्यात नेला. तिथे बोंडांची फेणी झाली, इथे रस घरोघरी पितात.

ब्रुमादिन्यो

शहरापासून सुमारे 60 किलोमीटर. 25 जानेवारी 2019 रोजी वाले कंपनीच्या खाणीचा गाळ अडवणारा बंधारा फुटला आणि 270 माणसं गेली. हा बंधारा जसजसा भरेल तसा आतल्या गाळावरच पुढची भिंत रचून उंच केलेला होता. गाळातलं पाणी निचरलं नाही तर तो वरून घट्ट दिसतो, पण एका क्षणी त्याची ताकद जाते आणि सगळा ढीग पाण्यासारखा वाहू लागतो. 2020 साली देशभर अशा बांधणीवर बंदी आली. पाराओपेबा नदीकाठी तो गाळ पाहिल्यावर साओ पाउलोतल्या भिंतीवरचा तपकिरी रंग वेगळा दिसत नाही.

याच तालुक्यात 2006 साली लोकांना खुलं झालेलं इन्योतिम आहे: सुमारे 140 हेक्टरची बाग आणि तिच्यात विखुरलेली कलादालनं. एक दिवस पुरत नाही. सोमवार-मंगळवारी बहुधा बंद असतं. एका काचेच्या गोल दालनात जमिनीत 200 मीटर खोल छिद्र पाडून तळाशी मायक्रोफोन सोडले आहेत. पृथ्वीच्या पोटातली घरघर ऐकू येते. खाणींच्या मुलखात ती ऐकताना अंगावर काटा येतो. जवळच्या पाणथळीत कापिबारा, म्हणजे डुकराएवढे मोठे उंदीरवर्गी प्राणी, असले तर गवतात बसू नये. त्यांच्या अंगावरच्या गोचिडांतून ठिपक्यांचा ताप येतो आणि उशीर झाला तर तो जीवघेणा ठरतो. रात्री अंग तपासावं.

पांतानाल

कुयाबापर्यंत विमान, पुढे सुमारे 100 किलोमीटरवर पोकोने, आणि तिथून ट्रान्सपांतानेइरा हा 145 किलोमीटरचा कच्चा रस्ता पोर्तो जोफ्रेला संपतो. वाटेत शंभराहून जास्त पूल, त्यांतले बरेच लाकडी. टाकी पोकोनेलाच भरावी. पुलांखालच्या डबक्यांत केमन मगरी रांगेने पहुडलेल्या असतात, त्यामुळे या रस्त्याला अख्खा दिवस द्यावा.

या प्रदेशाला उतार जवळजवळ नाही, किलोमीटरला काही सेंटिमीटरच. उत्तरेत पडलेला पाऊस दक्षिण टोकाला पोचायला महिने लागतात. पाणी असं रेंगाळतं म्हणूनच एवढी जीवसृष्टी आहे, आणि पाऊस कमी झाला की तीच कोरडी गवताळ जमीन पेट घेते. 2020च्या वणव्यांत पांतानालचा पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त जळला. जमिनीखालच्या कुजलेल्या पाल्यात आग दिवसेंदिवस धुमसते आणि भलतीकडेच वर येते, म्हणून विझवणं कठीण. राखेच्या भिंतीवरचा माणूस हे काम करतो.

जग्वार नदीच्या काठावर मगरींच्या शिकारीला येतो, त्यामुळे तो बोटीतूनच दिसतो. सकाळी सहा ते अकरा आणि दुपारी दोननंतर. नावाडी एकमेकांना वायरलेसवर कळवतात आणि बघता बघता दहा-पंधरा बोटी जमतात. आपल्या नावाड्याला अजून जवळ जा म्हणू नये. दुपारी 35 अंश असलं तरी दक्षिणेकडून थंड वारं आलं की पारा एका रात्रीत 10-12 वर येतो. बोटीत वारा न शिरणारं जाकीट लागतंच.

वर निळ्या मकाऊंच्या जोड्या दिसतील, चोचीपासून शेपटीपर्यंत मीटरभर लांब. इथे हे पोपट जवळजवळ फक्त मांदुवी झाडाच्या ढोलीत घरटं करतात, आणि तेवढी ढोली पडायला झाड साठ वर्षांचं तरी व्हावं लागतं. या झाडाच्या बिया टूकन पक्षी पसरवतो, आणि हाच टूकन मकाऊची अंडीही खातो. टूकन गेला तर झाड नाही, झाड नाही तर मकाऊ नाही. वणव्यात जळालेल्या एका मांदुवीची जागा भरायला माणसाचं आयुष्य जातं.

मानौस

काळी रिओ नेग्रो आणि गढूळ सोलिमोइस या दोन नद्या शहराजवळ मिळतात, पण सुमारे 6 किलोमीटर एकमेकांत मिसळत नाहीत. नेग्रो सुमारे 28 अंशांची आणि संथ, ताशी 2 किलोमीटर. सोलिमोइस 22 अंशांची, वेग दुप्पट-तिप्पट. बोटीतून हात घातला की फरक कळतो. नेग्रोचं पाणी आम्लधर्मी असल्याने तिच्या काठी डास कमी, म्हणून मुक्काम त्या बाजूला ठेवावा.

जुलैत जंगल पाण्याखाली असतं आणि होडी झाडांच्या शेंड्यांमधून जाते. ऑक्टोबरमध्ये तिथेच वाळूचे किनारे असतात. बंदरावर 1902 पासून पातळी मोजतात: 2021 साली ती 30.02 मीटरवर गेली, ऑक्टोबर 2024 मध्ये 12.11 वर उतरली, ही दोन्ही टोकं विक्रमी. अशा दुष्काळात होड्या गावांपर्यंत पोचत नाहीत आणि काठच्या माणसांचं पिण्याचं पाणीही तुटतं. ऑक्टोबरचा बेत असेल तर निघण्याआधी त्या आठवड्याची पातळी पाहून मगच लॉजचे पैसे भरावेत.

सांतारेंला जाणारी प्रवासी बोट प्रवाहाच्या दिशेने साधारण दीड दिवस घेते. बोटीत झोपायला टांगायची झोळी बंदराजवळच विकत घ्यावी, सोबत दीड-दोन मीटरचे दोन दोर. सुटण्याच्या काही तास आधी चढून जागा धरावी: इंजिन आणि संडासापासून लांब, दिव्याखाली नको, कडेला नको, कारण रात्रीचा पाऊस तिरपा आत येतो. झोळी ताणून बांधली तर पाठ धरते. मध्ये झोळ ठेवून तिरकं झोपलं की पाठ सरळ राहते.