जन्म गोव्याचा, नागरिकत्व आईबापाचं

मार्च २०२३. मांद्र्याला भाड्याने राहणारं एक रशियन जोडपं पाच आठवड्यांचा मुलगा घेऊन आलं. जन्मदाखल्याचं रशियन भाषांतर हवं होतं; ते माझं रोजचं काम. पण कागद पुढे सरकवायच्या आधीच बापाने विचारलं, "याचा भारतीय पासपोर्ट कुठे काढायचा?"

तो राखीव सैनिक. २१ सप्टेंबर २०२२ला पुतिन यांनी अंशतः लष्करभरती जाहीर केली, आकडा सांगितला गेला ३ लाखांचा. चारच दिवसांत हा जॉर्जियाच्या सीमेवर, वेर्खनी लार्सच्या रांगेत. तिथे पायी सोडत नव्हते, म्हणून लोक सायकली विकत घेऊन नाका ओलांडत होते. यानेही तेच केलं. तिथून तिबिलिसी, मग गोवा.

पासपोर्टचं खूळ आलं होतं अर्जेंटिनातून. तिथल्या मातीत जन्मलेलं मूल तिथलं नागरिक होतं आणि त्याच्या आधारे आईबापांनाही राहायची सोय मिळते. महिन्याभरापूर्वीच ब्युनोस आयर्सला एका विमानातून ३३ गरोदर रशियन बायका उतरल्याची बातमी होती. आपल्याकडे तसं नाही. ३ डिसेंबर २००४पासून इथे जन्मलेल्या मुलाचे दोन्ही पालक भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. दोघेही परदेशी, तर विषय संपला. स्वतःसाठी अर्ज करायचा तर लागोपाठचे शेवटचे १२ महिने आणि त्याआधीच्या १४ वर्षांतली ११ वर्षं इथे काढलेली हवीत, शिवाय जुनं नागरिकत्व सोडायचं. पर्यटक व्हिसावर हे घडत नाही.

उलट रशियन कायद्याने, आईबाप दोघेही रशियन असतील तर मूल जगात कुठेही जन्मो, ते रशियनच. म्हणजे बाप ज्यातून पळाला तेच मुलाला जन्मतः चिकटलं. त्याने विचारलं, सैन्यनोंदणी कितव्या वर्षी? मी म्हटलं, सतरावं लागतं त्या वर्षी. त्याने बोटं मोजली. २०४०.

मग दाखला पाहिला, आणि खरी अडचण तिथे निघाली. आईचं नाव युलिया. रशियन पासपोर्टवर ते रोमन लिपीत 'आय-यू-एल-आय-आय-ए' असं छापतात. इस्पितळाच्या फॉर्मवर नर्सने कानाला ऐकू आलं तसं वाय लावून लिहिलं, आणि दाखल्यातही तेच उतरलं. भाषांतरात मी 'युलिया'च लिहिणार, पण मूळ कागद पासपोर्टशी जुळत नाही तोवर पुढच्या प्रत्येक टेबलावर शंका निघते. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५खाली निबंधक दुरुस्ती करतो, त्यासाठी पासपोर्टची प्रत आणि प्रतिज्ञापत्र तयार केलं. (प्रसूतीच्या दिवशीच पासपोर्टचं पान फॉर्मला टाचलं की हा सगळा खटाटोप वाचतो.) रशियन माणसाच्या नावात बापाच्या नावावरून बनवलेलं पितृनामही असतं; दाखल्यात त्याचा रकाना नसतो. बाप म्हणाला, तुम्हीच घाला. मूळात नाही ते भाषांतरात घालता येत नाही. पितृनाम रशियन वाणिज्य वकिलातीच्या अर्जात लिहायचं.

दोघांचा व्हिसा संपायला २३ दिवस उरले होते. जॉर्जियात रशियनांना व्हिसाशिवाय वर्षभर राहता येतं, त्यामुळे जायचं कुठे हे ठरलेलं होतं. पण बाळाच्या नव्या पासपोर्टवर ना व्हिसा, ना आल्याचा शिक्का. विमानतळावर त्याला सोडणार कसं? त्यासाठी परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे ऑनलाइन अर्ज करून बाहेर जायची परवानगी घ्यावी लागते: जन्मदाखला, बाळाचा पासपोर्ट, आईबापांचे पासपोर्ट-व्हिसा, राहत्या घराचा फॉर्म, तेव्हाचा सी-फॉर्म. हा फॉर्म घरमालकाने परदेशी माणूस आल्यापासून २४ तासांत भरायचा असतो. यांनी जानेवारीत घर बदललेलं, आणि फॉर्म होता जुन्या घराचा. नव्या मालकाला फोन लावला.

"बाई, सहा महिन्यांचं भाडं रोख घेतलंय, फॉर्म कसला?"

"काका, तो आज भरला नाही तर पोलीस आधी तुमच्या दारात येतील."

संध्याकाळी भरला. उशिराचं कारणही लेखी द्यायला लावलं, नाहीतर तारखांवरून अर्ज अडकतो. दाखला दुरुस्त होऊन आला तसा मी भाषांतर पुरं केलं आणि ते दोघं पासपोर्टसाठी मुंबईच्या रशियन वाणिज्य वकिलातीत गेले. परवानगी तिकिटाच्या दोन दिवस आधी हाती पडली. बाळाच्या पासपोर्टवर पहिला शिक्का पडला तो बाहेर पडल्याचा.